दूरशिक्षणाचे कोर्स शिकवण्याबद्दल प्राध्यापकांचा सर्व्हे करायचाय, प्रश्नावली बघून सांगा

खडू_डस्टर

मंडळी, मदत हवीये. आमच्याकडे काही कोर्स दूरशिक्षणाने सुरू करायचं घाटतंय आणि त्याआधी "फॅकल्टीचा कल काय आहे ते बघून घ्या" असं वरून आलंय. कमिटीत वयाने सगळ्यात लहान मी, त्यामुळे काम कोणाच्या गळ्यात पडलं हे सांगायला नको. माझा विषय सर्व्हेबिर्व्हेशी संबंधित नाहीये, पण लिकर्ट स्केल (वाक्याला किती सहमत ते पायऱ्यांत सांगायचं) ऐकून माहितीये, तेवढ्या भांडवलावर कच्चा मसुदा केलाय. सगळ्या प्रश्नांना 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा पाच पायऱ्या:

१. दूरशिक्षण वर्गातल्या शिकवण्याइतकंच परिणामकारक असतं.
२. दूरशिक्षणाचा कोर्स शिकवायला मला आवडेल आणि त्यासाठी लागणारं तंत्रज्ञान मला जमतं.
३. दूरशिक्षणामुळे जास्त विद्यार्थ्यांपर्यंत पोचता येतं.
४. दूरशिक्षण हे भविष्य आहे.
५. आपल्या संस्थेने दूरशिक्षण सुरू करावं.

शिवाय विभाग, पद, वय, लिंग, किती वर्षं शिकवताय हे सगळं. नाव ऐच्छिक. गुगल फॉर्म करून सगळ्यांना मेल टाकायचा आणि आठवड्याने पाय चार्ट, असा प्लॅन आहे. काय बदलू सांगा, बिनधास्त सोला.

आकडेमोड

बिनधास्त म्हणालात म्हणून सांगतो. प्रश्न २ मध्ये दोन प्रश्न आहेत, ज्याला आवडेल पण जमत नाही तो कुठे टिक करणार? असा माणूस मधलं 'तटस्थ' निवडतो आणि तुमच्या पाय चार्टमध्ये 'मत नाही' म्हणून दिसतो, खरं तर त्याची दोन ठाम मतं आहेत.

दुसरं म्हणजे पाचही वाक्यं दूरशिक्षणाच्या बाजूची आहेत. माणसं घाईत असली की 'सहमत'कडे झुकतात, हा फार जुना आणि भरपूर तपासलेला प्रकार आहे. काही वाक्यं उलट दिशेची घाला आणि मोजताना गुण उलटे करा, म्हणजे एकाच रकान्यात खाली खाली टिक करत गेलेला माणूसही पकडता येतो. प्रश्न ४ काढूनच टाका, त्याला सहमत म्हणणाऱ्याबद्दल आपल्याला नवीन काहीही कळत नाही.

आणि लिकर्टने १९३२ मध्ये पद्धत मांडली ती अनेक वाक्यांची मिळून एक बेरीज अशी होती. एकटंदुकटं वाक्य घेऊन त्याचा पाय चार्ट काढणं हे आपण सगळ्यांनी नंतर सुरू केलं.

तिरकस

नाव ऐच्छिक पण विभाग, पद, वय, लिंग आणि अनुभव सक्तीचे 😂 आमच्या विभागात पन्नाशीच्या वरच्या असोसिएट प्रोफेसर मॅडम एकच आहेत, त्यांनी नाव टाकलं काय नि नाही टाकलं काय!

मधली_सुट्टी

तिरकस +१. आमच्याकडे असाच एक 'निनावी' फॉर्म आला होता आणि पुढच्या मीटिंगमध्ये विभागप्रमुख हसत हसत म्हणाले की काही लोकांना बदल नको असतो. सगळ्यांनी खाली बघितलं. त्यानंतर आलेले सगळे फॉर्म लोकांनी डोळे झाकून 'सहमत सहमत' भरले.

मी गेली काही वर्षं दूरशिक्षणाचे कोर्स शिकवतेय म्हणून मला मूळ अडचण वेगळी वाटते. 'दूरशिक्षणाचा कोर्स शिकवणं' म्हणजे नेमकं काय विचारताय? वर्गात मीच नोट्स काढते, मीच शिकवते, मीच शंका सोडवते, मीच पेपर तपासते. दूरशिक्षणात हे सगळं सुटं सुटं होतं. साहित्य लिहिणं वेगळं, कॅमेऱ्यासमोर बोलणं वेगळं, चर्चेच्या पानावर रोज जाऊन उत्तरं देणं वेगळं, असाइनमेंटवर प्रत्येकाला लेखी शेरा देणं तर फारच वेगळं. मला साहित्य लिहायला प्रचंड आवडतं, एखादी गोष्ट समोर चेहरा नसताना कशी समजवायची यात खरी मजा आहे. पण रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की माझा आवाज बदलतो, आणि रात्री अकराला "मॅम, युनिट ३ मध्ये काय करायचंय" हा एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून आला की चिडचिड होते. आता सांगा, माझा 'कल' किती? पाचपैकी तीन?

जुना_मास्तर

मधली_सुट्टी, अगदी नेमकं बोललात. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत (स्थापना १९६९, शिकवणं सुरू झालं १९७१ ला) ही विभागणी पहिल्यापासून ठरवून केलेली होती. कोर्स तयार करायला एक अख्खी टीम, त्यात विषयाचे प्राध्यापक, संपादक, बीबीसीचे निर्माते, शिक्षणतंत्रज्ञ असे सगळे. आणि विद्यार्थ्यांच्या असाइनमेंट तपासून त्यांना मार्गदर्शन करणारे ट्यूटर वेगळे, बहुतेक अर्धवेळ. म्हणजे तिथे 'शिकवायला आवडेल का' हा प्रश्न विचारला तर समोरचा आधी विचारणार, कोणतं काम?

बाकी ठिकाणी काय झालं तर तंत्र उचललं आणि टीम मागेच राहिली. सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर. मग तो म्हणाला नको, की म्हणायचं बघा, प्राध्यापकांचा तंत्रज्ञानाला विरोध!

आणखी एक. दूरशिक्षण म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळं चित्र असतं. आयझॅक पिटमन १८४० मध्ये पोस्टाने शॉर्टहँडचे धडे पाठवायचा तेही दूरशिक्षणच. माझ्या वयाच्या लोकांना टपालाने येणारी जाड पुस्तकं आठवतात, आणि तरुणांना २०२० आठवतं, लॉकडाऊनमधलं, कॅमेरे बंद केलेले काळे चौकोन. त्या काळात जे झालं त्याला दूरशिक्षण म्हणू नका, ते आणीबाणीतलं शिकवणं होतं असं चार्ल्स हॉजेस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२० मध्येच लिहून ठेवलं होतं. नीट आखलेल्या ऑनलाइन कोर्सच्या तयारीला महिनेच्या महिने लागतात, तिथे लोकांना चार दिवस मिळाले. पण तुमचा फॉर्म भरणारा त्या अनुभवावरच टिक करणार. तेव्हा फॉर्मच्या वर सरळ लिहा की आपण कोणत्या प्रकारच्या कोर्सबद्दल विचारतोय, लाइव्ह की रेकॉर्डेड, विद्यार्थी किती, प्रत्यक्ष भेटी आहेत की नाहीत. आणि आजवर काय काय केलंय तेही विचारा: फक्त लॉकडाऊनमधलं, की खरंच आखून घेतलेला कोर्स, की काहीच नाही.

खडू_डस्टर

बापरे, एवढ्या लवकर एवढं सगळं! प्रश्न २ फोडतो, ४ उडवतो. पण विभाग काढता येणार नाही हो. कोणत्या विभागाचे कोर्स आधी घ्यायचे हे कमिटीला यातूनच ठरवायचंय. प्रयोगशाळावाले आणि भाषावाले एका टोपलीत टाकले तर उपयोग काय त्या सर्व्हेचा?

आकडेमोड

विभाग ठेवा, बाकीचं गाळा. वय आणि अनुभव दोन्ही कशाला? लिंगाचं पुढे काय करणार आहात? ज्याच्यावरून कुठलाही निर्णय बदलणार नाही ते विचारूच नका. विभागही छोटे असतील तर एकत्र करून गट करा, प्रयोगशाळा लागणारे विषय, भाषा-सामाजिक शास्त्रं, गणित-संगणक असे. आणि फॉर्मवरच लिहून टाका की पाचपेक्षा कमी लोक असलेल्या गटाचे आकडे वेगळे दाखवणार नाही. हो, फॉर्ममध्ये ईमेल गोळा करायचं सेटिंग बंद आहे ना ते दोनदा तपासा. कच्ची फाईल कोण उघडू शकतं हेही आधीच ठरवा, शक्यतो विभागप्रमुख नकोत.

चिकित्सक

थोडं वेगळं बोलतो. अशा सर्व्हेंमध्ये एक आकडा फार फिरतो, की अमेरिकेत तीसेक टक्केच प्राध्यापकांना ऑनलाइन शिक्षण मान्य आहे. हा आकडा बॅबसन सर्व्हे रिसर्च ग्रुपच्या वार्षिक अहवालांतला, २०१५ चा २९.१ टक्के. बरीच वर्षं तो साधारण तिथेच रेंगाळला. पण गंमत बघा, तो प्रश्न प्राध्यापकांना विचारलेलाच नव्हता! संस्थांच्या शैक्षणिक प्रमुखांना विचारलं होतं की तुमच्या फॅकल्टीला ऑनलाइन शिक्षणाचं मोल मान्य आहे का. म्हणजे साहेबांना विचारलं, तुमच्या माणसांना काय वाटतं. आणि लोक तो आकडा 'प्राध्यापकांचं मत' म्हणून डकवत फिरतात.

त्याच अहवालात एक जास्त कामाची गोष्ट आहे. ज्या संस्थांत दूरशिक्षणाचे सगळ्यात जास्त विद्यार्थी होते तिथल्या ६०.१ टक्के प्रमुखांनी हो म्हटलं, आणि जिथे एकही विद्यार्थी नव्हता तिथे ११.६ टक्क्यांनी. एवढी दरी असेल तर सरासरीला काय अर्थ राहतो? म्हणून जुना_मास्तर म्हणतात तो अनुभवाचा प्रश्न सगळ्यात वर घ्या आणि निकाल त्यानुसार वेगळे मांडा. केलेल्यांचं मत आणि न केलेल्यांचं मत यांची बेरीज करूच नका.

तिरकस

म्हणजे एकदा करायला लावलं की आवडायला लागतं! कमिटीला हेच ऐकायचं असणार बघा.

चिकित्सक

नाही हो, तेच तर म्हणता येत नाही. ज्यांना आवडतं तेच पुढे होऊन करतात आणि न आवडणारे लांब राहतात, तरी आकडे असेच दिसतील. एकदाच घेतलेल्या सर्व्हेत आधी काय आणि नंतर काय हे कळायला मार्ग नसतो. खडू_डस्टर, रिपोर्टमध्ये 'अनुभवामुळे मत सुधारतं' असं चुकूनही लिहू नका, कोणीतरी लगेच सक्तीचा आदेश काढेल.

जुना_मास्तर

इथे मी थोडा असहमत. मी काही मंडळी बदलताना बघितलीयत. एक सहकारी कट्टर विरोधक होते, नाइलाजाने एक कोर्स घेतला, आणि वर्गात कधीच तोंड न उघडणारी मुलं लेखी चर्चेत पानंच्या पानं लिहितात हे बघून त्यांचा सूरच बदलला.

मधली_सुट्टी

आणि उलटीकडे गेलेलेही बघितलेत मी. हौसेने सुरू केलं आणि दोन बॅचमध्ये तोबा. कारण एकच, वर्कलोड. संस्थेच्या हिशोबात 'लेक्चर रेकॉर्डेड आहे ना, मग तास कसले मोजायचे?' लेखी शेरे द्यायला, चर्चा वाचायला, लॉगिन न करणाऱ्यांना शोधून मेल टाकायला जो वेळ जातो तो कुठल्याच रकान्यात नाही. मोठ्या बॅचचे सगळे शेरे मनापासून लिहून बघा एकदा, मग बोलू.

आणखी एक काटा आहे तो सांगतेच. एका जुन्या संस्थेत रेकॉर्ड केलेली माझी लेक्चरं मी तिथून बाहेर पडल्यावरही चालूच होती, विद्यार्थी मला मेल करायचे की मॅम असाइनमेंट कधी तपासणार. मी तिथे नव्हतेच! साहित्य कोणाच्या मालकीचं, किती वर्षं वापरायचं, बदल करायचा तर कोणाला विचारायचं, याबद्दल एक ओळसुद्धा लिहून घेतलेली नव्हती. तेव्हा 'आपल्या संस्थेने सुरू करावं' या प्रश्नाला माझं उत्तर: अटींवर अवलंबून. तो पर्याय तुमच्या पाच पायऱ्यांत नाहीये.

पायवाट

बराच वेळ नुसती वाचतेय, आता लिहितेच. तुम्ही 'आवडतं का' ऐवजी 'काळजी कसली वाटते' असं विचारून बघा. अमेरिकेत १९७० च्या दशकात शाळा-कॉलेजांत काही नवीन आणताना शिक्षकांच्या मनात काय चाललंय हे बघायला एक चौकट तयार झाली, काळजीच्या सात पायऱ्या, शून्य ते सहा. अगदी खाली 'मला याच्याशी घेणंदेणं नाही', मग 'हे आहे तरी काय', मग 'माझं काय होणार', मग 'हे सगळं जमवायचं कसं', आणि त्यावर 'विद्यार्थ्यांना याचा उपयोग होतो का', 'इतरांबरोबर कसं करू', 'यापेक्षा चांगलं काही आहे का'. त्याची ३५ वाक्यांची प्रश्नावलीही आहे.

मला यातलं आवडलं ते हे की विरोध नावाची एकच गोष्ट राहत नाही. 'माझी नोकरी राहील का' म्हणणाऱ्याला सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग देऊन काय उपयोग? त्याला लेखी हमी हवीये. 'जमवू कसं' म्हणणाऱ्याला हमी नको, तास कमी करून हवेत. आणि 'प्रॅक्टिकल कसं घेणार, परीक्षेत समोर कोण बसलंय कसं कळणार' म्हणणारा तर विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलतोय, त्याला विरोधक म्हणून मोजलंत तर तुमचा सगळ्यात कामाचा माणूस गेला. तुमच्या आत्ताच्या फॉर्ममध्ये हे तिघं एकाच 'असहमत'मध्ये बसतात.

आकडेमोड

पायवाट, उत्तम मुद्दा. मी तंत्रज्ञान स्वीकाराचं मॉडेल सुचवणार होतो, फ्रेड डेव्हिसचं १९८९ चं, उपयुक्त वाटतं का आणि सोपं वाटतं का, या दोन गोष्टींवर उभं आहे. प्रबंधांत सगळे तेच वापरतात. पण ते मुळात ऑफिसातल्या सॉफ्टवेअरसाठी होतं, इथे लोकांचा आक्षेप बटणांवर नाहीचे मुळी.

रात्रपाळी

मी प्राध्यापक नाही, विद्यार्थी होतो. नोकरी करत दूरशिक्षणाने डिग्री घेतली. एवढंच सांगतो की ज्या सरांना तो कोर्स नको होता ते आम्हाला पहिल्या व्हिडिओत कळायचं. पाच वर्षांपूर्वीच्या स्लाइड वाचून दाखवायचे. आणि एक मॅडम प्रत्येक असाइनमेंटवर चार ओळी लिहायच्या, त्यांना मी कधीच समोरासमोर भेटलो नाही पण आजही मार्गदर्शक म्हणून त्यांचंच नाव घेतो.

तुमच्या फॉर्ममध्ये हे टाका ना: तुम्ही स्वतः विद्यार्थी म्हणून एखादा दूरशिक्षणाचा कोर्स पूर्ण केलाय का? अर्धवट सोडलाय का? का सोडला?

खडू_डस्टर

रात्रपाळी, हा प्रश्न घेतला! 'अर्धवट सोडलाय का' तर नक्कीच.

चिकित्सक

अजून एक सांगून थांबतो. मत आणि वागणं यात अंतर असतं हे विसरू नका. रिचर्ड लापिएरचा १९३४ चा प्रसिद्ध अभ्यास आहे, एका चिनी जोडप्याबरोबर तो अमेरिकाभर फिरला, २५१ हॉटेलं-खाणावळींत गेले, नकार फक्त एका ठिकाणी मिळाला. नंतर त्या सगळ्या ठिकाणी पत्राने विचारलं की चिनी गिऱ्हाईक घ्याल का, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हटलं. त्या अभ्यासात त्रुटी आहेत, पत्राला उत्तर देणारा माणूस आणि दारात उभा असलेला माणूस एकच होता कशावरून, वगैरे. तरी मुद्दा उरतोच. तुमच्याकडे उलटं होईल, कागदावर सहमत आणि नावं मागितली की शुकशुकाट. तेव्हा ढोबळ मत विचारू नका, प्रसंग द्या: "विद्यार्थी ६०, आठवड्याचे तुमचे दोन तास कमी केले, साहित्य लिहायला एक सत्र आधी दिलं, तर हा कोर्स घ्याल का?" मग त्यातली एकेक अट काढत विचारा. उत्तर कुठे पलटतं ते बघायचं.

मधली_सुट्टी

हे फार आवडलं. पण जे तास कमी करायची संस्थेची तयारीच नाही ते फॉर्ममध्ये लिहू नका हं, नंतर लोक तुम्हाला धरतील.

खडू_डस्टर

सगळ्यांचं वाचून नवीन मसुदा केलाय. वर चार ओळींत कोर्स कसा असेल त्याचं वर्णन. मग:

अ) आधीचा अनुभव, शिकवणारा म्हणून आणि शिकणारा म्हणूनही.
आ) पाच कामं वेगवेगळी: साहित्य लिहिणं, रेकॉर्डिंग, लाइव्ह सत्र, चर्चा आणि शंका, मूल्यमापन. प्रत्येकाला 'करायला आवडेल' वेगळं आणि 'आत्ता जमतं' वेगळं.
इ) पायवाट यांच्या धर्तीवर काळजीची बारा वाक्यं, काही उलट दिशेची.
ई) चिकित्सक यांचे प्रसंग, चार.
उ) "तुमच्या विषयातला कोणता भाग दूरशिक्षणाने अजिबात शिकवू नये असं वाटतं आणि का?" मोकळी जागा.

'माहीत नाही' हा पर्याय 'तटस्थ'पासून वेगळा ठेवलाय. वय, लिंग, पद काढलं. विभाग गटात. मात्र 'वर्गातल्या शिकवण्याइतकंच परिणामकारक' हा प्रश्न मी ठेवतोय, कमिटीतल्या दोघांना तो हवाच आहे आणि त्यावर भांडायची माझी ताकद नाही.

जुना_मास्तर

ठेवा, पण त्याच्यावरून परिणामकारकता सिद्ध झाली असं कोणी म्हणू नये एवढं बघा. थॉमस रसेल नावाच्या गृहस्थाने १९९९ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की माध्यम बदलल्याने निकालात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, आणि त्यातल्या कित्येक अभ्यासांच्या दर्जावर तेव्हापासून वाद चालू आहे. जो प्रश्न एवढ्या अभ्यासांनी मिटला नाही तो आपल्या स्टाफरूमच्या मतदानाने कसा मिटणार? तो लोकांचा समज आहे, रिपोर्टमध्ये समज म्हणूनच मांडा. उ) मात्र अप्रतिम. सगळ्यात जास्त त्यातूनच मिळेल, उत्तरं स्वतः वाचा, नुसता शब्दांचा ढग (कोणते शब्द जास्त आले त्याचं चित्र) काढून मोकळे होऊ नका.

तिरकस

आणि जे भरणारच नाहीत त्यांचं काय? आमच्याकडे कुठलाही फॉर्म भरणारे ठरलेले असतात, एक उत्साही गट आणि एक कायम चिडलेला गट. मधली जनता मेल उघडतसुद्धा नाही.

आकडेमोड

रास्त प्रश्न. एक जुनी युक्ती आहे, आर्मस्ट्राँग आणि ओव्हरटन यांच्या १९७७ च्या लेखामुळे रूढ झालेली: आठवण करून दिल्यावर उशिरा भरणारे लोक न भरणाऱ्यांच्या जवळचे असतात असं धरायचं आणि लवकर भरणाऱ्यांशी त्यांची तुलना करायची. फरक मोठा निघाला तर समजायचं की न भरणाऱ्यांचं मत आणखी पलीकडे असू शकतं. पक्कं नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं. फॉर्मला वेळेची नोंद आपोआप होतेच. फक्त ती नोंद आणि विभाग मिळून माणूस ओळखू येईल, म्हणून कमिटीला फाईल देताना वेळेचा रकाना काढून टाका आणि 'आठवणीआधी' आणि 'आठवणीनंतर' एवढंच ठेवा. आणि किती जणांना पाठवला, किती जणांनी भरला हे पहिल्या पानावर, शेवटच्या तळटीपेत नको.

सगळ्यांना पाठवायच्या आधी चार-पाच जणांना समोर बसवून भरायला सांगा, मोठ्याने बोलत. कुठे अडखळतात, कुठल्या वाक्याला "म्हणजे काय?" म्हणतात ते लिहून घ्या. त्यात एक तरी कायम चिडलेल्या गटातला घ्या.

खडू_डस्टर

चिडलेल्यांपैकी एक सर माझ्याच केबिनमध्ये बसतात. त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

पायवाट

आणि निकाल फॉर्म भरणाऱ्यांना कधी कळणार ती तारीख मेलमध्येच टाका, कमिटीकडून आधी लेखी घेऊन. आमच्याकडच्या मागच्या सर्व्हेचा निकाल अजून कोणी बघितलेला नाहीये.

मधली_सुट्टी

आमच्याकडच्याचाही नाही. खडू_डस्टर, काळजीची बारा वाक्यं इथे टाका ना, मी आजच भरून बघते.